बाजू चुकली तर शून्य

६ जून

धाकटे,

न वाचताच फाडणार असशील तर थांब. हे कॉलेजच्या कामाचं पत्र आहे. सोबत फॉर्म आहे, त्यावर शिक्काही आहे. अठरा वर्षांनी मला एकाएकी मायेचा उमाळा आलाय असं समजू नकोस.

आमच्या डेंटल कॉलेजात एक नवी समिती नेमली आहे. नाव एवढं लांब की दारावरच्या पाटीला दोन ओळी लागल्या. विविधता, समता आणि समावेश समिती. अध्यक्ष मी. मीच का, ते मलाही नीटसं कळलेलं नाही. डीन सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही सगळ्यांत जुन्या, आणि तुमच्याबद्दल आजवर कोणाची तक्रार नाही." मुलं मला घाबरतात म्हणून तक्रार नाही, हे त्यांच्या गावी नसावं. पहिल्या वर्षाला मेणाचे दात कोरायला मी शिकवते. त्यामुळे माझं नाव पडलंय मेणबाई. त्याला एक शेपूटही आहे म्हणे: उन्हात ठेवली तरी वितळत नाही.

समितीचं पहिलं काम म्हणजे गेल्या वीस वर्षांत शिक्षण अर्ध्यावर सोडून कोण कोण गेलं आणि का गेलं, ते शोधायचं. यादीत एकोणीस नावं निघाली. बारावं तुझं. कारकुनानं विचारलं, "मॅडम, आडनाव तुमचंच दिसतंय, ही तुमच्या घरातली का कोणी?" मी म्हटलं, "असेल." सख्ख्या बहिणीला 'असेल' म्हणाले. तोंडातून कसं निघालं कोण जाणे, पण मग ते मागे घेता येईना.

तुझा पत्ता आईच्या वहीतून उतरवून घेतला. तिला न विचारता. तू दातांच्या लॅबमध्ये कॅप आणि कवळ्या बनवतेस हे तिच्याकडूनच कळत असतं. तुझे फोन तिला येतात, तेव्हा मी दुसऱ्या खोलीत जाते.

फॉर्म सोपा आहे. कॉलेज का सोडलंत? काय केलं असतं तर टिकला असतात? जमेल तेवढं भर. समितीला हवा आहे.

— ताई


२१ जून

धाकटे,

फॉर्म मिळाला. सगळे रकाने कोरे आणि 'सोडण्याचे कारण' यापुढे तुझ्या त्याच तिरक्या अक्षरात एक ओळ: "अध्यक्षांना विचारा."

बरं, पाकीट माझ्या हाती आलं असतं तर निभावलं असतं. कारकुनानं बैठकीतच फोडलं आणि मोठ्यानं वाचलं. सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी म्हटलं, "असतात काही लोक खोचक, पुढचा फॉर्म घ्या." पुढच्या फॉर्मवर काय होतं ते मला एक अक्षर आठवत नाही.

काय विचारायचं ग मला? मेणाच्या दातात तीनदा नापास झालं की नाव कमी होतं, हा नियम मी केलेला नाही. तिसऱ्या वेळी शून्य दिलं ते बाहेरून आलेल्या परीक्षकानं. मी तेव्हा मेणाचे ठोकळे वाटणारी साधी ट्यूटर. आई अजून त्या परीक्षकाच्या नावानं बोटं मोडते, तिची दाढ ठणकत असली की जरा जास्तच.

असो. समितीचं म्हणशील तर माझं डोकं चक्रावलंय. दर बैठकीत असं काहीतरी निघतं की वाटतं, इतकी वर्षं माझे डोळे होते कुठे? दातांना तारा बसवायला शिकवणारे एक प्रोफेसर समितीवर आहेत, आम्ही त्यांना तारवाले सर म्हणतो. त्यांनी परवा पुस्तकातली चित्रं पुढ्यात टाकली. सगळ्या हिरड्या गुलाबी. एकही सावळी नाही. म्हणे मागच्या वर्षी एका विद्यार्थ्यानं एका बाईंच्या धडधाकट सावळ्या हिरडीला रोग म्हणून लिहून टाकलं. बाई म्हणाल्या, "अहो, माझ्या आईची पण अशीच होती. तिलाही रोग होता का?" आम्ही सगळे हसलो. मग हसू जिरल्यावर ज्यानं त्यानं ती चित्रं पुन्हा आपल्यापुढे ओढली.

डावखुऱ्यांसाठी म्हणून एक खुर्ची आली आहे. रोग्याला बसवायच्या आमच्या सगळ्या खुर्च्यांना दिवा, पाण्याची नळी, हत्यारांचा ट्रे, सगळं उजव्या हाताच्या सोयीनं. डावखुरा विद्यार्थी आपला कमरेत पिळा घालून काम करतो. तर आता ही एक खुर्ची आहे आणि सध्या तिच्यावर समितीच्या फायली ठेवतात.

यंदा वर्गात एक डावखुरी मुलगी आहे. मुलं तिला डावी म्हणतात, तीही ओ देते. घरात दहावीच्या पुढे गेलेली पहिलीच. बाकीच्या निम्म्यांचे आईबाप डॉक्टर, घरात लहानपणापासून दातांचे नमुने पडलेले. ही घरी कपड्यांच्या साबणावर कोरायचा सराव करते. मेणाच्या परीक्षेत दोनदा बसून दोनदा नापास. दोन्ही वेळा तपासणारे बाहेरचे, आमच्याकडे नुसते गुण आले, त्यामुळे का नापास होते कळत नाही, वर्गात तर हात चांगला चालतो.

तुझं उत्तर नाही आलं तरी चालेल. फक्त तो फॉर्म अपुरा आहे, म्हणून समिती विचारते आहे.

— ताई


९ जुलै

धाकटे,

आज मेणाची परीक्षा झाली, या वेळी तपासायला मीच आहे. वरची उजवी पहिली दाढ. समोर नमुना नाही, आठवणीतून कोरायची, अडीच तासांत.

समितीच्या सूचनेवरून यंदा दाताखाली नाव लिहायचं नाही, नुसता नंबर. दात कोणाचा हे तपासणाऱ्याला कळता कामा नये. सूचना माझीच होती, बैठकीत टाळ्याही पडल्या. संध्याकाळी चाळीस दाढा टेबलावर ओळीनं मांडल्या आणि एका नजरेत मला कळलं, सतरा नंबर डावीचा. उजव्या हातातली सुरी मेणावर एकीकडे ओढ घेते, डाव्या हातातली दुसरीकडे. नाव झाकशील, हात कसा झाकशील?

आणि सतरा नंबरची दाढ त्या चाळीस दाढांत सगळ्यांत सुरेख आहे. उंचवटे बरोबर, खाचा बरोबर, मेण इतकं गुळगुळीत की बोट फिरवत राहावंसं वाटतं. फक्त ती डावी आहे. उजवी मागितली होती, तिनं डावी कोरली.

बाजू चुकली तर शून्य. तुला हे मी सांगायला नको.

नियम बरोबरच आहे ना पण? माणसाच्या तोंडात उजवीच्या जागी डावी बसत नाही. उद्या हिच्या पुढ्यात रोगी असेल, मेण नसेल. डावीऐवजी उजवी उपटली तर तो रोगी म्हणणार आहे का, जाऊ दे, कोरीव काम सुंदर होतं? पण तिचा हा तिसरा प्रयत्न. शून्य लिहिलं की तिचं नाव कमी होणार आणि ती घरी जाणार.

गुण महिनाअखेर द्यायचे आहेत. कागद माझ्या पिशवीत आहे. एकोणचाळीस रकाने भरले. सतरासमोर पेन नेते आणि परत आणते. तारवाले सर म्हणाले, "एवढा काय विचार? नियम आहे, लिहा." कारकून म्हणाला, "एवढा काय विचार? गरीब आहे, करा पास." दोघंही बरोबर वाटतात, हीच पंचाईत आहे.

तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस? म्हणजे, समितीला मत हवं आहे.

— ताई


१२ जुलै

धाकटे,

आधीचं पत्र पोचलंही नसेल, तोवर हे दुसरं. समितीचं नाव घेऊन लिहीत बसले तर मुद्द्यावर यायला अजून अठरा वर्षं लागतील.

मी खोटं लिहिलं. परीक्षकानं तुला शून्य दिलं नव्हतं. अडुसष्ट दिले होते. म्हातारे गृहस्थ, चष्मा कपाळावर, जेवायची घाई. दाढ कुठल्या बाजूची आहे ते त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. मी जवळ गेले आणि म्हटलं, "सर, ही डावी आहे." बस, एवढंच. त्यांनी चष्मा खाली घेतला, पाहिलं आणि अडुसष्ट खोडून शून्य केलं.

का म्हटलं मी? कॉलेजभर कुजबुज चालली होती की हिला कसली भीती, हिची बहीणच आत बसली आहे. मला दाखवायचं होतं की मी तसली नाही, माझ्याकडे आपला-परका नाही. आणि दाढ डावी होती ना खरंच? त्या खोलीत मी एक शब्दही खोटा बोलले नाही. खोटं बोलले ते घरी आल्यावर. आईनं विचारलं, कोणी दिलं ग शून्य? मी म्हटलं, बाहेरचा होता.

आता पुढचं ऐक. ते मला जास्त छळतंय.

परीक्षेतले दात आपण परत देत नाही, नुसते गुण लागतात. ते डबे वर्षावर्षानं कपाटात पडून असतात. काल ते कपाट उघडलं. यंदाचा डबा सोडून, वीस वर्षांत बाजू चुकली म्हणून शून्य मिळालेल्या दाढा वेगळ्या काढल्या. चौदा निघाल्या. एकेक भिंगाखाली धरून सुरीचे ओरखडे पाहिले. चौदांतल्या अकरा डाव्या हाताच्या. त्या अकरांत तीन तुझ्या. तिन्ही वेळा तू दाढ बिनचूक कोरली होतीस, तिन्ही वेळा उलट्या बाजूची.

एका वर्गात डावखुरी मुलं असतात दोन, फार तर तीन. मग शून्यात त्यांचीच एवढी गर्दी कशी? मी तारवाल्या सरांना माझ्या जागी बसवलं आणि म्हटलं, मेण कोरून दाखवा. स्वतः समोर डावीच्या स्टुलावर बसले, सुरी डाव्या हातात घेतली आणि ते करतील तसं करत गेले. सर म्हणाले, "मॅडम, वाकडंतिकडं होतंय." होतंच होतं. पण त्या वाकड्यातिकड्या ढेकळातही कळत होतं. त्यांची दाढ उजवी, माझी डावी.

मी मुलांच्या समोर बसून शिकवते. उजव्या हाताच्या मुलाला माझा हात आपल्या हातासमोर दिसत नाही, त्यामुळे त्याला सगळं मनात फिरवून घ्यावंच लागतं. डावखुऱ्याला मी आरशातल्यासारखी दिसते, माझा उजवा आणि त्याचा डावा अगदी समोरासमोर. त्याला काही फिरवावं लागत नाही, तो जसंच्या तसं करतो. वर्गात नमुना पुढे असतो म्हणून निभावतं. परीक्षेत नमुना उचलला की हात जे पाहिलंय तेच करतो. म्हणजे जो जितकं लक्ष देऊन बघेल, त्याची दाढ तितकी पक्की उलटी. "माझ्याकडे नीट बघा आणि तसंच करा," हे मी वीस वर्षं घसा फोडून सांगते आहे.

आणि तुला तर घरीही शिकवलं. जेवणाच्या टेबलावर, समोर बसवून, रोज दोन दोन तास. तू कंटाळायचीस, मी ओरडायचे, "इकडे बघ." तू बघायचीस.

मग ते शून्य कोणाचं होतं? नियमाचं? तुझ्या हाताचं? माझं? आधी मीच उलटं शिकवलं आणि मग मीच बोट दाखवलं, असं लिहिलं की वाटतं मी राक्षसीण आहे. मग वाटतं, मला कुठे माहीत होतं? मग वाटतं, माहीत करून घ्यायला वीस वर्षं लागावीत? असं गोल गोल फिरते आहे.

— ताई


२४ जुलै

धाकटे,

तुझं कार्ड आलं. मी ते इतक्यांदा वाचलं की पाठ झालंय. "परीक्षकांनी मला त्याच दिवशी जिन्यात सांगितलं, बाई, तुमच्या बहिणीची नजर तेज आहे. आईला मी सांगितलं नाही. मुलीला शून्यच दे, पण तिला कसं शिकवलं तेही त्याच कागदावर लिही."

म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी घरी आले, आईसमोर 'बाहेरचा होता' म्हणाले, तेव्हा तू तिथेच पाटावर बसली होतीस. ऐकत होतीस. बोलली मात्र नाहीस. मला वाटायचं, नापास झाल्याच्या लाजेनं तू घर सोडलंस. इतकी वर्षं मी मनातल्या मनात तुला मोठ्या मनानं माफसुद्धा करून टाकलं होतं. हसू नकोस.

तू सांगितलंस तसं केलं. सतरासमोर शून्य लिहिलं आणि शेऱ्यात लिहिलं: दाढ निर्दोष, बाजू चुकीची, बाजू शिक्षिकेने समोर बसून शिकवल्यामुळे उलटली आहे, विद्यार्थिनीला नीट शिकवून फेरपरीक्षा द्यावी. खाली सही. अकरा दाढांचा डबा घेऊन डीन सरांकडे गेले.

त्यांनी शेरा वाचला, डब्यात डोकावले. म्हणाले, "मॅडम, समिती म्हणजे काय, पाहुणे बोलवा, भाषण ठेवा, भिंतीवर चार पाट्या लावा. तुम्ही तर भिंतच पाडायला निघालात. उद्या हे अकरा जण दारात उभे राहिले तर?"

"अकरा दाढा आहेत सर, माणसं नऊ. एकीच्याच तीन आहेत."

"तुम्हाला काय माहीत?"

"ती माझी बहीण आहे," मी म्हटलं. या वेळी 'असेल' म्हणाले नाही.

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, चूक कॉलेजची नाही, तुमची एकटीची, असं लिहून देत असाल तर फेरपरीक्षा घेतो. मी लिहून दिलं. पुढच्या वर्षापासून मेणाचा वर्ग माझ्याकडे नाही. समितीची अध्यक्ष मात्र मीच राहणार! हे दोन्ही एकदम कसं, असं विचारलं तर म्हणाले, "समिती चालू राहिली पाहिजे, मॅडम." मला काही बोध झाला नाही. तुला झाला तर कळव.

मग डावीला बोलावलं आणि सगळं सांगितलं. मला वाटलं रडेल, नाहीतर चिडेल. ती नुसती स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, मी घरी साबणावर दोनशेच्या वर दाढा कोरल्या. म्हणजे त्या सगळ्या डाव्याच का?"

"बहुतेक."

"आणि मला वाटायचं, आमच्या घरात कोणी शिकलेलं नाही म्हणून माझ्या डोक्यात उतरत नसेल."

याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर मला सांगू नकोस, तिला सांग. मी तिचा पत्ता खाली लिहिते आहे.

— ताई


६ ऑगस्ट

धाकटे,

तू तिला पत्र लिहिलंस हे तिनंच सांगितलं. काय लिहिलंस ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. विचारावंसं फार वाटलं.

नऊ दिवस मी तिच्या शेजारी बसून शिकवलं. समोर नाही, खांद्याला खांदा लावून. सुरी डाव्या हातात धरून. चौपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा मला कळलं की सुरी हातात जड लागते म्हणजे काय. माझ्या दाढा म्हणजे उकडलेले बटाटे. वर्ग खिडकीतून बघून हसायचा. एकदा तीच म्हणाली, "मॅडम, मनगट सैल सोडा." हेच वाक्य मी तुला किती वेळा ऐकवलंय, आणि किती ओरडून!

काल फेरपरीक्षा झाली. तपासायला बाहेरच्या बाई होत्या, मी खोलीबाहेर बाकावर बसले होते. डावी पास झाली. बावन्न गुण. आधीच्या दाढेइतकी सुरेख नव्हती ही. हात मेणाला लावायच्या आधी ती प्रत्येक वेळी थबकत होती म्हणे, उजवी की डावी. तो विश्वास मी तिला परत कुठून आणून देऊ, हे मला कळत नाही. पण नाव कमी झालं नाही. दुसऱ्या वर्षाला ती त्या डावखुऱ्या खुर्चीवर काम करेल. फायली मी स्वतः उचलून खाली ठेवल्या.

आता तुझं. ऑफिसचं एक पत्र तुला येईल, समितीनं ठराव केला म्हणून नऊही जणांना जाणार आहे. त्यात लिहिलंय की आपण फेरपरीक्षेस पात्र आहात. चाळिशीच्या बाईला, जी रोज उठून माणसांच्या तोंडात बसतील असे दात बनवते, तिला मेणाची दाढ कोरून दाखवायला बोलावणं, हा न्याय आहे की थट्टा? तारवाले सर म्हणतात न्याय. मला दोन्ही वाटतं. आलीस तर वाईट वाटेल, नाही आलीस तरी वाईट वाटेल. फाडून टाकलंस तर निदान ते तरी मला समजेल.

आणि आईला सांगितलं. परवा सकाळी, ती भाजी निवडत होती तेव्हा. सगळं सांगितलं, 'सर, ही डावी आहे' या चार शब्दांसकट. मला वाटलं होतं ती शिव्या देईल. तिनं हातातली भाजी खाली ठेवली आणि म्हणाली, "परक्या परीक्षकावर रुसून कोणी अठरा वर्षं घराकडे पाठ फिरवतं का ग? म्हातारी झाले आहे, खुळी नाही झाले. मी वाट बघत होते, दोघींतली कोण आधी बोलते याची." तुझी बाजू तिनं घेतली नाही, माझीही घेतली नाही. निवडलेली भाजी घेऊन आत गेली.

मी गुण दिले, कापले, आयुष्यभर हेच केलं. स्वतःला किती द्यायचे ते ठरत नाही. शून्य द्यावं तर वाटतं, निदान सांगितलं तरी. पास करावं तर धीर होत नाही. क्षमा कर, असं लिहून दोनदा खोडलं, कारण तसं लिहिलं की चेंडू तुझ्या अंगणात टाकून मी मोकळी होते. म्हणून एवढंच लिहिते की मी चुकले. तू डावखुरी होतीस म्हणून नाही, नियम होता म्हणून नाही. मला चांगली म्हणवून घ्यायचं होतं आणि त्यासाठी मी तुला पुढे केलं.

आईनं विचारायला सांगितलंय, तू घरी कधी येतेस.

नाही. आईनं काही सांगितलेलं नाही. ती परवापासून माझ्याशी बोलतच नाही. मीच विचारते आहे.

— ताई